कातड्याची गोष्ट आणि आपली मुले



मुलाच्या ताटात काय वाढले आहे हे आपण पाहतो. परीक्षेत त्याला किती गुण पडले हे विचारतो. तो कोणाच्या संगतीत फिरतो याचीही आपण बारीक चौकशी करतो. परंतु १३-१४ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आजीच्या मांडीवरून उठून स्वतः पुस्तक उघडू लागली, म्हणजे त्या पुस्तकातील गोष्ट तिच्या मनात कोणता न्याय रुजविते, हे विचारणारे आईबाप विरळाच. गोष्ट ती गोष्ट, तिने कोणाचे काय बिघडते, अशी आपली समजूत असते. ती समजूत तपासून पाहावी, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

या वयात प्रत्येक मुलासमोर दोन प्रश्न उभे राहतात. विश्वास कोणावर टाकावा, हा पहिला. आणि दोन बाजूंनी एकाच वेळी हाक आली तर कोणाच्या हाकेस ओ द्यावी, हा दुसरा. या प्रश्नांची उत्तरे मूल उपदेशातून घेत नाही, ते गोष्टींतून घेते. कुमारवयातील कथावाङ्मय हे या अर्थाने मुलांचे पहिले न्यायालय होय. तेथे कोण जिंकतो, कोणाला लोक हसतात आणि कोणाला टाळ्या मिळतात, त्यावरून मूल आयुष्यभराचा निवाडा करून बसते.

जव्हारची गोष्ट

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि मल्हार कोळी यांची ही भूमी. येथे एक जुनी आख्यायिका प्रसिद्ध असून इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही ती नमूद आहे. जव्हारचा मुलूख प्रथम एका वारली नायकाकडे होता. त्याच्याकडे मुकणे घराण्याचा मूळ पुरुष गेला आणि एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन त्याने मागितली. वारली नायकाने ती भोळेपणाने कबूल केली. मग त्या कोळी सरदाराने कातड्याची बारीक वादी कापली, ती लांबच लांब पसरली आणि तिच्या वेढ्यात सारा मुलूख घेतला. पुढे १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून या घराण्यास मान्यता व पदवी मिळाली आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत जव्हारचे संस्थान त्या घराण्याकडे राहिले.

ही आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज नगरी वसविणाऱ्या डायडो राणीविषयी हीच कथा दोन हजार वर्षांपूर्वीपासून सांगितली जाते. तेव्हा तिच्यावरून कोणत्याही घराण्यावर किंवा समाजावर आरोप ठेवणे अन्यायाचे होईल. माझा प्रश्न वेगळाच आहे. ही गोष्ट मुलांना कशी सांगितली जाते? ती चातुर्याची कथा म्हणून सांगितली जाते. वादी कापणारा हुशार ठरतो, ऐकणारी मुले हसतात आणि विश्वास ठेवणारा वारली मूर्ख ठरतो. वर्गात बसलेल्या वारली मुलाने त्या वेळी कोणाबरोबर हसावे? हसला तर आपल्याच पूर्वजाला हसतो. न हसला तर त्याला गोष्टच कळली नाही असे ठरते. दुभंगलेली निष्ठा म्हणतात ती हीच, आणि तिचा पहिला अनुभव त्या मुलाला एका निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीने दिलेला असतो.

वकील या नात्याने मला ही गोष्ट मुळीच चातुर्याची वाटत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १३ वे कलम संमतीची व्याख्या सांगते: दोन व्यक्तींनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. वारली नायकाच्या मनात कातड्याएवढी जागा होती, मागणाऱ्याच्या मनात सारा मुलूख होता. शब्द एक, अर्थ दोन. म्हणजे संमतीच झाली नाही. फसविण्याच्या हेतूने केलेल्या अशा कृत्याला १७ वे कलम कपट म्हणते, आणि कपटाने मिळविलेला करार फसविला गेलेला पक्ष रद्द करू शकतो. पाहा, कायद्याची नजर कोणाकडे वळते! विश्वास ठेवणाऱ्याला तो मूर्ख म्हणत नाही, विश्वास मोडणाऱ्याला दोषी म्हणतो. गोष्ट सांगणाऱ्याने मात्र नेमके उलट केलेले असते. आमच्या भाषेत अशा कृत्याला केसाने गळा कापणे म्हणतात. मग मुलांपुढे त्याला शहाणपण म्हणून का मिरवावे?

गॅझेटियरातील कथेला आणखी एक शेपूट आहे. मुलूख घेतल्यावर त्या सरदाराने वारली नायकाला गंभीरगडाच्या आसपासचा भाग बहाल केला म्हणे. ज्याचे सर्वस्व घेतले त्यालाच त्यातील तुकडा परत देऊन कृतज्ञतेचा हक्क सांगावयाचा, ही युक्ती कातडे कापण्याहूनही मोठी होय. कातड्याने जमीन जाते. या औदार्याने मन जाते. मुलांना गोष्ट सांगताना ही शेपटी वगळू नये.

मिठाला जागणे

ही युक्ती केवळ आख्यायिकेत राहिली असे नाही. ठाणे जिल्ह्याच्या या आदिवासी पट्ट्यात लग्नगडी नावाची पद्धत होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घ्यावयाचे, आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे. फेडीचा हिशेब सावकाराच्या हाती असल्यामुळे कर्ज फिटत नसे, वर्षे मात्र सरत. आणि हा गडी पळून गेला तर लोक त्यालाच बेइमान म्हणत, कारण त्याने खाल्ल्या मिठाला जागावयास हवे होते! ज्याच्या घामावर धन्याचे कोठार भरले, त्यालाच मीठ खाणारा ठरवावयाचे, ही भाषेची केवढी फसवणूक! १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने असली बंधने बेकायदा ठरविली. परंतु आजही पावसाळा संपला की जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, आणि उचल घेतली म्हणून शब्दाला बांधलेली राहतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात, शाळा मागे राहते.

आपल्या स्वतःच्या पूर्वजांची हकीकत याहून निराळी नाही. गावकीच्या जुन्या व्यवस्थेत महाराकडे काय काय सोपविले जाई? सरकारी वसुलीचा पैसा तालुक्याच्या ठिकाणी सुखरूप पोहोचविणे, पाटलाचे निरोप नेणे, रात्रीची राखण करणे. गावच्या शिवेचा तंटा पडला की त्याच्या साक्षीला वजन असे. खजिना हाती देण्याइतका त्याचा विश्वास होता, परंतु पाण्याच्या घड्याला हात लावू देण्याइतका नव्हता. गावाला त्याची निष्ठा हवी होती, तो नको होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. त्या वतनांबरोबर आलेली एकतर्फी इमानाची शिकवण मात्र कायद्याने रद्द होत नसते. ती गोष्टींतून आत आली, तिला गोष्टींतूनच बाहेर काढावी लागेल.

अंगठा कोणी तोडला?

निष्ठेची गोष्ट म्हटली की शाळेच्या पुस्तकांना एकलव्य आठवतो. निषादांच्या राजाचा हा मुलगा. द्रोणाने त्याला शिकविण्याचे नाकारले. त्याने मातीची मूर्ती उभारून स्वतःच्या अभ्यासाने विद्या मिळविली. मग द्रोण आला आणि न दिलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याने उजव्या हाताचा अंगठा मागितला. गुरुभक्तीचा आदर्श म्हणून ही कथा मुलांना शिकविली जाते.

या कथेत मोबदलाच नाही, मग देणे कोठून लागू झाले, हे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारलेच पाहिजे. परंतु त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे. या कथेत निष्ठा कोणाची दुभंगलेली आहे? एकलव्याची नव्हे, ती तर अखंड आहे. दुभंगलेला आहे तो द्रोण. तो कुरूंच्या घरचे अन्न खातो आणि अर्जुनाहून श्रेष्ठ धनुर्धर होऊ देणार नाही असे वचन देऊन बसला आहे. समोर विद्येला जागणारा शिष्य उभा आहे. गुरू म्हणून एक कर्तव्य, आश्रित म्हणून दुसरे. ही कोंडी द्रोण उघड सांगत नाही. तो तिला दक्षिणेचे नाव देतो आणि तिची किंमत दुसऱ्याच्या हाताने भरतो. आपल्या मुलांना एकलव्याबद्दल नुसते हळहळावयास शिकवू नका, द्रोणाची ही लपवाछपवी ओळखावयास शिकवा. पुढील आयुष्यात त्यांना अंगठा मागणारे पुष्कळ भेटणार आहेत, आणि त्यांतील बरेचसे गोड बोलणारे असतील.

मोळी, जोगिणी आणि चोरलेले नाव

मराठी पुस्तकांपैकी सर्वच अशी आहेत असे मात्र कोणी समजू नये. १९३५ साली प्रसिद्ध झालेले साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घ्या. त्यात एक प्रसंग आहे. महार समाजातील एका म्हाताऱ्या बाईची लाकडांची मोळी पडते आणि ती उचलून द्यावयास कोणी पुढे येत नाही. श्यामची आई त्याला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि मग येऊन आंघोळ कर. काही बांधव हा प्रसंग वाचून संतापतात आणि पुस्तक दूर सारतात. माझे मत तसे नाही. या आईच्या मनात दोन निष्ठा आहेत: एक माणुसकीची आणि दुसरी आळीतील रूढीची. पहिलीसाठी ती मुलाला पाठविते, दुसरीसाठी त्याला आंघोळ घालते. तिने दयेला दगा दिला नाही, परंतु रूढीशी भांडणही मांडले नाही. हे पुस्तक मुलाच्या हाती जरूर द्या. मात्र वाचून झाल्यावर त्याला विचारा: त्या म्हाताऱ्या बाईला आंघोळीची गोष्ट कळली असती, तर तिला काय वाटले असते? लेखकाने न विचारलेला हा प्रश्न वाचकाने विचारला, म्हणजे जुने पुस्तक नवे होते.

दुसरे उदाहरण अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ कादंबरीचे. १९५९ साली आलेली ही कादंबरी लेखकाने बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तिच्या आरंभी फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगिणी आणावयास जातो आणि त्या पराक्रमात प्राण गमावतो. ज्या गावाने मांगवाडा वेशीबाहेर ठेवला, त्या गावाच्या मानासाठी तो मरतो. अण्णाभाऊ त्याला मूर्ख ठरवीत नाहीत आणि गावालाही फुकट मोठेपणा देत नाहीत. गावात विष्णुपंत कुलकर्ण्यासारखा माणूसही आहे, जो या निष्ठेची किंमत जाणतो. वरच्या जातीचा तितका शत्रू आणि आपला तितका सज्जन, अशी सोपी वाटणी लेखकाने केलेली नाही. कुमारवयातील वाचकाला याची फार गरज असते, कारण त्याच्या वर्गात आणि गावात माणसे अशीच मिसळलेली असतात.

तिसरी कथा बाबुराव बागुल यांची, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. ही ज्या संग्रहात आहे तो १९६३ साली निघाला. रेल्वेत नोकरीस लागलेला एक सुशिक्षित तरुण जात लपवून राहतो. त्याच्या कवितेवर आणि विचारांवर भाळलेली माणसे त्याला घरात घेतात, मान देतात, आणि जात कळताच तेच हात त्याला मारतात. त्याला सोडवावयास धावतो तो आपली जात कधीही न लपविणारा काशिनाथ. ही कथा १७-१८ वर्षांच्या मुलाने वाचावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शिक्षणासाठी नाशिकला, ठाण्याला, मुंबईला खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आजही ऐकावा लागतो. नाव सांगावे तर खोली जाते. लपवावे तर रोज भीती वाटते आणि जिवलग मित्राशीही मोकळेपणाने बोलवत नाही.

येथे विश्वासघात कोणी केला? मारणारे म्हणतील, त्याने आम्हांला फसविले. करार कायद्याच्या ज्या १७ व्या कलमाचा उल्लेख मी वर केला, त्याचेच स्पष्टीकरण पाहा: बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. जात सांगण्याचे कोणतेही कर्तव्य घरभाडेकऱ्यावर नाही. तरीदेखील कथेचा निवाडा कायद्याइतका सरळ नाही. त्या तरुणाने कोणाचेच नुकसान केले नसले तरी त्याने स्वतःपासून एक माणूस लपविला, आणि काशिनाथाकडे पाहताना त्याला तो आठवत राहिला. चांगली कथा आपल्याला निवाडा तयार करून देत नाही. ती साक्षीपुरावा समोर ठेवते आणि वाचकाला न्यायासनावर बसविते.

हकचे पत्र

या प्रकारच्या कथेचा जगात गाजलेला नमुना म्हणजे अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी. १८८४-८५ साली ती प्रसिद्ध झाली. हक हा १३-१४ वर्षांचा गोरा पोरका पोर. तो नदीतून तराफ्यावर जिम नावाच्या पळालेल्या निग्रो गुलामाबरोबर प्रवास करतो. त्याला लहानपणापासून शिकविले आहे की गुलाम ही मालकाची मालमत्ता असून त्याला पळावयास मदत करणे म्हणजे चोरी आणि पाप होय. एका क्षणी तो जिमच्या मालकिणीला पत्ता कळविणारे पत्र लिहितो. मग त्याला जिमने आळीपाळीच्या पहाऱ्यात त्याची झोप कशी राखली, त्याला कसे जपले ते आठवते. तो पत्र फाडतो. विशेष असे की आपण योग्य केले असे त्याला वाटतच नाही; आपण नरकात जाणार अशी त्याची खात्री असते. तरी तो मित्राला विकत नाही.

त्या पुस्तकातील काही भाषा आज आपल्याला खटकेल, आणि जिमच्या चित्रणाविषयी त्याच्या वंशबांधवांनीही रास्त आक्षेप घेतले आहेत. तथापि त्या फाडलेल्या पत्रात एक मोठे सत्य आहे. समाजाने शिकविलेली निष्ठा आणि सहवासातून उगवलेला विश्वास यांची गाठ पडली, तेव्हा त्या पोराने विश्वास निवडला. आपल्या मुलांच्या पुस्तकांत असा पोर आपल्याला हवा आहे, आणि उद्या कोणा सवर्ण किंवा सावकाराच्या घरातील मुलाने वाचावयाच्या पुस्तकातही तो हवा आहे.

न लिहिलेल्या गोष्टी

जव्हार-मोखाड्याच्या परिसरातून अशी पुस्तके निघण्यास साहित्याची वाण नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली असून त्यास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास हजारो वारली जमले. का जमले? तुमच्या बाईंच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या, असा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरविला होता म्हणून. जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले. कातड्याच्या गोष्टीतील युक्ती सहाशे वर्षांनी पुन्हा खेळली गेली: लोकांचा विश्वास हेच त्यांना पकडण्याचे जाळे झाले. तरीही त्यांचा विश्वास ही चूक होती, असे कोण म्हणेल? तो विश्वास होता म्हणूनच वेठ मोडली.

तो निरोप पाड्यापाड्यांतून नेणारा एखादा १५ वर्षांचा मुलगा कल्पा. बाप जमीनदाराचा लग्नगडी, भाऊ लाल बावट्याबरोबर, आणि निरोप खरा की खोटा हे ठरवावयास हाती एक रात्र. अशी कादंबरी आपल्या मुलांसाठी कोणी लिहावयास हवी. राज्याने आज कायद्याने काय मान्य केले आहे, तेही अशा कथेतून मुलांना कळेल. आदिवासींच्या जमिनी गेल्या त्या बहुधा अशाच अंगठ्याने आणि अशाच शब्दाने. म्हणून जमीन महसूल संहितेत १९७४ साली ३६-अ हे कलम घातले गेले आणि सरकारी परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये असे ठरले. गेलेल्या जमिनी परत करण्यासाठीही १९७४ चाच कायदा आहे. म्हणजे ज्याला गोष्टीने मूर्ख म्हटले, त्याच्या पाठीशी कायदा उशिरा का होईना उभा राहिला.

निष्ठा उघड सांगणे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, अशी शिवी आपण दुभंगलेल्या निष्ठेच्या माणसाला सहज देतो. पण दोन निष्ठा असणे हा गुन्हा आहे काय? १९३९ साली मुंबईच्या विधानसभेत बोलताना बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड्यावर मांडला. स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत आपण देशाला वर ठेवले आहे, हे सांगून ते तेथेच थांबले नाहीत. अस्पृश्य समाजाशी आपली दुसरी निष्ठा आहे, ती आपण कधीही सोडणार नाही, आणि देश व तो समाज यांच्या हितात विरोध आला तर आपण समाजाच्या बाजूने उभे राहू, हेही त्यांनी भर सभेत बजावले. पुढे याच पुरुषाने देशाची घटना घडविली. दुसरी निष्ठा उघड सांगणाऱ्याने देशाला दगा दिला नाही; उलट त्याच्या शब्दावर देशाने आपले भवितव्य सोपविले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी हाही इशारा दिला की कितीही थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका, कृतज्ञतेलाही मर्यादा असतात.

यातून मुलांसाठी जो न्याय निघतो तो थोडक्यात असा: निष्ठा दोन असल्या तरी चालेल, त्या लपवून एकीच्या पैशाने दुसरी विकू नये. जो निष्ठा मागतो, तो बदल्यात काय देतो ते पाहावे. आणि विश्वास मोडला गेला तर लाज मोडणाऱ्याला असावी, ठेवणाऱ्याला नव्हे.

आपले घर

नवदीक्षित बंधुभगिनींनो, शेवटचे चार शब्द आपल्या घराविषयी बोलतो, आणि ते तुम्ही आपलेपणाने ऐकाल अशी आशा आहे. मोखाड्यास बोहाडा होतो. देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात, सारा मुलूख लोटतो. तुमच्या मुलाचा जिवाभावाचा वारली मित्र त्याला बोलावतो. तुम्ही देवदेवतांची पूजा सोडली आहे आणि ती सोडण्यामागे तुमच्या आजोबा-पणजोबांचे दुःख आहे. मुलगा दाराशी उभा आहे: एका बाजूस तुम्ही, दुसऱ्या बाजूस मित्र. किंवा गावाकडील आजी अजून जुने देव पुजते, आणि नात तिच्या हातचा प्रसाद घ्यावा की नाकारावा या विचाराने रडकुंडीस आली आहे. अशा वेळी ‘तू आमचा की त्यांचा?’ हा प्रश्न तुम्ही विचारलात, तर मूल उत्तर देईल, परंतु खरे उत्तर देणार नाही. ते चोरून जाईल, खोटे सांगेल आणि त्या दिवसापासून तुमच्या घरातही नाव चोरून राहू लागेल. ज्या समाजाने आपल्याला जात चोरावयास लावली, त्याच्याच वाटेने आपण आपल्या मुलांना का न्यावे?

साक्षीपुराव्याच्या कायद्यात एक बोलकी गोष्ट आहे. पतिपत्नींचे आपसांतील बोलणे आणि अशिलाने वकिलाजवळ बोललेले शब्द यांना कायदा संरक्षण देतो. १८७२ च्या कायद्यात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. आईबाप व मुले यांच्या बोलण्याला मात्र तसे संरक्षण नाही. मुलाला बापाविरुद्ध साक्ष देण्याची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा त्याने खरे बोलावे अशीच कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे मूल आणि आईबाप यांच्यामधील विश्वासाला कायद्याचा आडोसा नाही. तो घरातच उभारावा लागतो. तो आज्ञेने उभा राहत नाही. मुलाने आपली दुसरी ओढ निर्भयपणे सांगावी आणि आपण ती ऐकून घ्यावी, एवढ्यानेच तो उभा राहतो. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा गुरूचे वचन म्हणून काही मानू नका, असे कालामांना सांगणारा शास्ता आपण स्वीकारला आहे. त्याच्या घरात प्रश्न विचारणारे मूल परके ठरू नये.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. विहारात जेथे पंचशील म्हणावयास मुले जमतात, तेथे पुस्तकांचे एक कपाट ठेवा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे, ते मागवा. अण्णाभाऊ ठेवा, बागुल ठेवा, साने गुरुजीही ठेवा. आश्रमशाळेत राहणाऱ्या वारली, कातकरी मुलांनाही तेथे येऊ द्या; कपाटाला जातीचे कुलूप नको. आठवड्यातून एकदा एका मुलाने वाचलेली गोष्ट इतरांना सांगावी, आणि मोठ्यांनी तिचे तात्पर्य सांगण्याची घाई न करता तीनच प्रश्न विचारावेत: या गोष्टीत विश्वास कोणी ठेवला? त्याचा फायदा कोणी घेतला? आणि गोष्ट सांगणारा कोणाच्या बाजूने हसतो आहे?

हे तीन प्रश्न विचारावयास शिकलेल्या मुलांपुढे उद्या कोणी कातडे पसरून उभा राहिला, तर ती प्रथम त्याच्या हातातील सुरीकडे पाहतील. तशीच ती आपल्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवावयासही कचरणार नाहीत, कारण विश्वास ठेवणे म्हणजे हरणे नव्हे, हेही त्यांना ठाऊक असेल. येत्या पौर्णिमेच्या आत आपल्या विहारात अशा कपाटाची पहिली फळी लागावी, एवढीच विनंती.

जयभीम.